सांध्याच्या छायाचित्राची कुळकथा

वडाळ्यात, जिथे गोदीत आयुष्यभर ओझी वाहिलेल्या कामगारांची कुटुंबे आणि पोर्ट ट्रस्टचे रुग्णालय शेजारी-शेजारी नांदत आली आहेत, तिथे दुखऱ्या खांद्याची फिर्याद कोणाला नवलाची वाटत नाही. मात्र ‘डाय टाकून एमआरआय काढा’ असा हुकूम सुटला की सुशिक्षित घरातही हे काही तरी अगदी अलीकडचे खूळ असावे, असा संशय डोकावतो.

वस्तुतः सांध्यात वायू किंवा औषध भरून त्याचे छायाचित्र काढण्याच्या या रीतीचे वय शंभराहून अधिक आहे. १८९५ साली राँटजेन यांना क्ष-किरण गवसले आणि हाड दिसू लागले. परंतु कूर्चा, स्नायुबंध आणि सांध्याचे आवरण यांचा छायाचित्रात मागमूसही लागेना. १९०५ साली व्हिएन्नाचे वेर्नडॉर्फ आणि रॉबिनझोन यांनी गुडघ्यात प्राणवायू भरून ही अडचण दूर करण्याचा यत्न केला. खांद्यात हवा भरण्याचा प्रयोग ओबरहोल्झर यांनी १९३३ साली केला. पण वायूचे चित्र पुसट, आणि तो रक्तवाहिनीत शिरला तर प्राणाशी गाठ. म्हणून १९३९ साली स्वीडनच्या लिंडब्लोम यांनी खांद्यासाठी क्ष-किरणांना अडवणारे द्रव औषध योजले, आणि माझ्या मते या विद्येचा खरा संसार तिथूनच सुरू झाला.

त्यातील युक्ती मोठी मार्मिक आहे. खांद्याचा सांधा आणि त्यावरची स्नेहपिशवी यांच्यामध्ये स्नायुबंधांचा अखंड पडदा असतो. सांध्यात भरलेले औषध जर पिशवीत उतरले, तर पडदा आरपार फाटला आहे याचा तो बिनतोड पुरावा. उलट गोठलेल्या खांद्याचे आवरण आक्रसलेले असल्याने, निरोगी सांध्यात सहज मावणारे १०-१२ मिलिलिटर औषध तिथे मावतच नाही, आणि पिचकारीवरच्या अंगठ्यालाच निदानाची चाहूल लागते.

पुढे सांध्यात दुर्बीण घालणे सुलभ झाले, एमआरआय आले, आणि ही रीत बडतर्फ होणार असे वाटू लागले. घडले विपरीतच: १९८७च्या सुमारास गॅडोलिनियमचे औषध सांध्यात भरून एमआरआय काढण्याचे प्रयोग झाले, आणि खांद्याच्या खोबणीची कड किंवा खुब्याची कूर्चा तपासताना आजही त्याच जोडीला पाचारण करतात. हे औषध २०० ते २५० पट पातळ केलेले असते, आणि सुई ठिकाणावर पोहोचल्याची खातरजमा पुष्कळदा क्ष-किरणांना अडवणाऱ्या आयोडीनयुक्त औषधाच्या थेंबांनीच होते. औषध भरताना सांधा तटतटतो, नंतर दिवस-दोन दिवस ठणकूही शकतो; त्याचा बाऊ करू नये. मात्र पूर्वी अशा एखाद्या औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते सुई टोचण्यापूर्वीच डॉक्टरांच्या कानावर घालावे.