वाकड्या कण्यावरचे उपाय
पाठीचा कणा बाजूला वळण्याच्या विकारावर, म्हणजे स्कोलिओसिसवर, हिपोक्रेटिसच्या परंपरेत रुग्णाला फळीवर ताणून बांधत. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद आंब्रोझ पारे याने चिलखत घडवणाऱ्या कारागिरांकडून लोखंडी पट्टे करून घेतले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात न्यूयॉर्कचे रसेल हिब्ज मणके सांधू लागले. त्यानंतर मुलांना कित्येक महिने प्लास्टरमध्ये पडून काढावे लागत. ह्यूस्टनला पोलिओग्रस्त मुलांचे हाल पाहून पॉल हॅरिंग्टन यांनी पोलादी दांडा बसवला आणि १९६२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वळण कमी होई, पण कमरेचा नैसर्गिक बाकही सपाट होई. ही उणीव लहान नव्हती. पट्ट्याचा उपयोग मात्र २०१३ पर्यंत वादातच राहिला. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील चाचणीत पट्टा वापरणाऱ्या ७२ टक्के, तर न वापरणाऱ्या ४८ टक्के मुलांचे वळण वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिले.