मुंबई बघितली ती

१९८१ च्या दिवाळीत आम्ही घरची सात माणसं मुंबई बघायला गेलो. मुक्काम लालबागला, तात्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत. तात्या म्हणजे माझे चुलते; गिरणीत साचे चालवायचे. आम्हाला खोली देऊन स्वतः गॅलरीत निजले. राणीच्या बागेत घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती बघून आई हात जोडून उभीच! गेटवेला फोटो काढला, पण वडलांना तात्यांनी खिशात हातसुद्धा घालू दिला नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यात तात्याही. पावसाळ्याच्या तोंडाला ट्रंक घेऊन गावी आले. वडलांनी काही विचारलं नाही. सकाळी बैलांचा कासरा त्यांच्या हातात दिला.