गर्भवती स्त्रियांतील एच.आय.व्ही. संसर्गाचे प्रमाण (भंडारा जिल्हा)

प्रसूतिपूर्व तपासणीसाठी येणाऱ्या गर्भवती स्त्रियांपैकी किती जणींच्या रक्तात एच.आय.व्ही. आढळतो, याचे शेकडेवारीने मांडलेले मान. गरोदर स्त्री ही जोखमीच्या एखाद्या विशिष्ट वर्गातली नसून सामान्य संसारी समाजातली असल्यामुळे, एखाद्या मुलुखातील एकंदर संसर्गाचा अदमास घेण्यास हे मान ग्राह्य धरतात.

भारतात या विषाणूचा पहिला दाखला १९८६ साली मिळाला. महाराष्ट्राची गणना पुढे अधिक संसर्गाच्या सहा राज्यांत झाली. देशव्यापी पाहणी १९९८ पासून दरसाल व नंतर एक वर्षाआड होऊ लागली. तीत नेमलेल्या केंद्रावर तीन महिन्यांच्या मुदतीत ओळीने येणाऱ्या, १५ ते ४९ वर्षे वयाच्या ४०० गर्भवतींच्या, उपदंशाच्या चाचणीसाठी घेतलेल्या रक्तातील उरलेला अंश नावनिशी वगळून तपासतात. देशाचे मान २०१०–११ मध्ये ०.४० टक्के होते, ते २०२१ मध्ये ०.२२ वर आले.

भंडाऱ्यासारख्या, २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे सुमारे १२ लक्ष वस्तीच्या व सात तालुक्यांच्या जिल्ह्यास हा हिशेब लावताना मोठा विवेक बाळगावा लागतो. कारण चारशेंत एक स्त्री बाधित निघाली तर मान ०.२५ टक्के होते, दोन निघाल्या तर दुप्पट, आणि एकही न निघाल्यास शून्य. आणि त्या शून्यावरून जिल्ह्यातील पवनी किंवा लाखांदूर तालुक्याच्या एखाद्या खेड्यात कोणी बाधित माता नाही असा निष्कर्ष काढणे सर्वथा अन्यायाचे ठरेल. एका केंद्राच्या एका सालच्या आकड्यावरून जिल्ह्याची कैफियत लिहू नये, हेच खरे.

शिवाय ही पाहणी निनावी असल्याने तिचा निकाल त्या स्त्रीस कळत नाही. तिच्यासाठी तजवीज निराळी आहे : उपकेंद्रातील आरोग्यसेविका व गावची आशा स्वयंसेविका यांनी नोंदणी करून पाठविल्यावर, प्राथमिक आरोग्य केंद्रात वा रुग्णालयातील समुपदेशन केंद्रात, एच.आय.व्ही.विषयीच्या २०१७ च्या कायद्यानुसार तिची संमती घेऊन, नावाने व गुप्ततेने होणारी चाचणी. हिचे मोल शेकडेवारीहून कितीतरी अधिक आहे. उपचारावाचून मातेकडून अपत्यास संसर्ग होण्याचा संभव शेकडा १५ ते ४५ असतो, आणि वेळीच औषध सुरू झाल्यास तो पाचाच्या खाली येतो. पूर्वी प्रसूतीच्या वेळी नेविरापिन या औषधाची एकच मात्रा देत; २०१४ पासून निदान होताच मातेस आजन्म त्रिऔषधी उपचार सुरू करतात.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची वहिवाट या कामी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. तुमसर तालुक्यातील बाधित सून सातव्या महिन्यात राज्याच्या सीमेपलीकडे बालाघाटकडील माहेरी गेली, तर तिची चाचणी एका राज्याच्या दप्तरी आणि प्रसूती दुसऱ्याच्या दप्तरी चढते. तिच्या बाळाची सहाव्या आठवड्यातील रक्ततपासणी व अठराव्या महिन्यातील अंतिम निदान यांचा जिम्मा कोणत्या आरोग्यसेविकेने घ्यावयाचा, हे म्हणूनच ती सासरहून निघण्यापूर्वी मुक्रर व्हावे लागते.