सात अक्षरांची खिडकी

आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीच्या बोटीची वाट पाहत उभे राहिले की जंजिऱ्याचा विषय निघतोच. त्या किल्ल्याचा महादरवाजा दुरून दिसत नाही; होडी तटाशी भिडली म्हणजे बुरुजांच्या आडून तो प्रकटतो. गेल्या खेपेस आमच्यासोबत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या एक सहकारी होत्या. त्या म्हणाल्या, "जिवाणूविरुद्ध लस करायची तर आमच्यापुढे हाच प्रश्न असतो. तट अवाढव्य, पण नेमके धरायचे कुठे?" त्या प्रश्नाच्या इतिहासातले एक पान पुण्यात लिहिले गेले आहे, हे त्यांच्याकडूनच कळले. मराठीच्या प्राध्यापकांना ते ठाऊक नसावे याची आम्हांला थोडी लाज वाटली.

आरंभ मात्र मुंबईचा. 1896 साली प्लेग आला तेव्हा हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात तुपाचे थेंब तरंगणाऱ्या मांसरसात प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले, आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्या लसीत अख्खा मेलेला जंतू होता. त्याच्या कोणत्या भागामुळे शरीर सावध होते, हे कळण्याचा मार्ग तेव्हा नव्हता.

त्या 'भागा'ला 'एपिटोप' हे नाव नील्स येर्ने यांनी 1960 मध्ये दिले. प्रथिनाच्या पृष्ठभागावरील ज्या लहानशा जागी आपले प्रतिपिंड येऊन चिकटते, ती ही जागा. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. म्हणजे वीस अक्षरांच्या लिपीतला मजकूरच. मग मजकूर वाचून महत्त्वाची जागा आधीच ओळखता येईल काय? 1981 मध्ये हॉप आणि वुड्स यांनी पाण्याशी सलगी करणारी अक्षरे जेथे दाटतात तेथे बोट ठेवले.

पुणे विद्यापीठातील अशोक कोळस्कर आणि प्र. चं. टोणगावकर यांचा निबंध डिसेंबर 1990 मध्ये 'फेब्स लेटर्स'मध्ये आला. अवघी तीन पाने. प्रयोगांती सिद्ध झालेले, 34 प्रथिनांवरील 156 एपिटोप घेऊन त्यांनी प्रत्येक अक्षर तेथे किती वेळा येते ते मोजले आणि त्यावरून प्रत्येक अक्षराला एक अंक दिला. मग सात अक्षरांची एक खिडकी मजकुरावरून सरकवत न्यायची, आतल्या अंकांची सरासरी मधल्या अक्षरापुढे मांडायची, आणि ती जेथे सलग उंच राहते तेथे खूण करायची. पाणी टाळणारी सिस्टीन, ल्युसीन आणि व्हॅलीन ही अक्षरे पृष्ठभागावर आली तर एपिटोपात असण्याचा संभव अधिक, हा त्यांचा निष्कर्ष रूढ समजुतीला छेद देणारा होता. सुमारे 75 टक्के अचूकतेचा त्यांचा दावा होता. रीत इतकी सोपी की ती जगभर पसरली.

पण माळ सरळ राहत नाही, ती घडी घालते. मजकुरात शेकडो अक्षरे दूर असलेली दोन पदे घडीमुळे शेजारी येतात आणि बहुतेक एपिटोप अशा जुळणीतून बनतात. आपल्या परिभाषेत हा दूरान्वय. ओवीतला कर्ता पहिल्या चरणात आणि क्रियापद चौथ्यात असेल तर सात अक्षरांच्या खिडकीतून काय दिसणार? 2005 मध्ये ब्लाइथ आणि फ्लॉवर यांनी अक्षरांना अंक देणाऱ्या 484 पट्ट्या 50 प्रथिनांवर तपासल्या. उत्तमातली उत्तम पट्टीही नाणे उडवण्याहून फारशी सरस ठरली नाही. आम्हांला विशेष वाटते ते हे, की त्याच वर्षी उर्मिला कुलकर्णी-काळे, कोळस्कर आणि सहकाऱ्यांनी घडी घातलेल्या त्रिमित रचनेवरून एपिटोप शोधणारी संगणकीय सेवा पुण्यातूनच प्रसिद्ध केली. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवर त्यांचे त्या दिशेचे काम 1999 मध्येच छापले गेले होते. स्वतःच्या वाचनपद्धतीची मर्यादा ओळखून तिच्यापुढे जाणारे समीक्षक आपल्याकडे किती, हा प्रश्न येथे मनात आल्याखेरीज राहत नाही. असो.

जिवाणूंच्या बाबतीत संगणकाचा मोठा विजय इटलीत झाला. मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या 'बी' गटातील मेनिंगोकॉकसचे शर्करा-कवच मानवी ऊतींतील शर्करेसारखेच असल्याने कवचावर आधारलेली लस अशक्य होती. रिनो रापुओली यांच्या गटाने 2000 साली त्याचा सारा जीनोम वाचून सुमारे 600 प्रथिने संगणकावर निवडली, 350 ई. कोलायमध्ये बनवून उंदरांना टोचली. 2013 मध्ये युरोपने लस मान्य केली. तीत कातरलेले एपिटोप नाहीत, पूर्ण प्रथिने आहेत. घडी शाबूत असलेली.

आमच्या सहकारी सांगतात, पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या अहवालात अजून कोळस्कर–टोणगावकर आलेख असतो. कुठल्याशा जिवाणूचे प्रथिन घ्यायचे, शिखरे मोजायची, तुकडे जोडून 'लस' म्हणायचे. पुण्याच्या त्या तीन पानांतला प्रत्येक अंक कोणीतरी प्रयोगशाळेत आधी सिद्ध केलेल्या एपिटोपांवरून आला होता, याचा अहवालात उल्लेख नसतो. तोंडी परीक्षेत त्या एवढेच विचारतात, "उंदराला टोचलेत का?"