आधी गोळा करा, मग दाबा

जानेवारी १९७९. न्यू जर्सीत मरे हिलला, बेल लॅब्जमध्ये तुम्ही उभे आहात. युनिक्सची सातवी आवृत्ती नुकतीच तयार झाली आहे आणि तिच्यात ‘टार’ नावाची आज्ञा आली आहे. अर्ध्या इंचाची मॅग्नेटिक टेप तुम्ही ड्राइव्हवर चढवता, टर्मिनलपाशी बसता आणि टाइप करता : टार, पुढे सी आणि व्ही, मग डिरेक्टरीचं नाव. सी म्हणजे टेपच्या सुरुवातीपासून लिही. व्ही म्हणजे काय लिहितोस ते सांगत राहा. रीळ झटक्याने फिरतं, थांबतं, पुन्हा फिरतं. एकेका फाइलचं नाव तुमच्यासमोर उमटत जातं. टेपवर प्रत्येक फाइलआधी ५१२ बाइटांचा मथळा जातो : नाव, मालक, परवानग्या, आकार, वेळ. मागोमाग मजकूर. एक बाइटही आटलेला नाही. ते काम टारला दिलेलंच नाही.

आता १९९३. विद्यापीठाच्या लॅबमध्ये तुमच्या हातात १.४४ एमबीची फ्लॉपी आहे आणि डिस्कवर ३ एमबीचा सोर्स कोड. फाइली दाबणारी जुनी ‘कॉम्प्रेस’ आज्ञा एलझेडडब्ल्यू या पद्धतीच्या पेटंटमध्ये अडकलेली. म्हणून ज्याँ-लू गेली आणि मार्क ॲडलर यांनी ‘जीझिप’ लिहून सर्वांना खुला केला आहे. टारला तुम्ही टेपऐवजी नुसती आडवी रेघ देता, म्हणजे सगळं बाहेर सोड. मग उभी रेघ, म्हणजे ते पुढच्या आज्ञेला दे; तिच्यापुढे जीझिप, आणि शेवटी ‘>’ लावून नव्या फाइलचं नाव. एंटर.

जीझिप मागच्या ३२ केबीवर नजर ठेवतो. ओळखीचा तुकडा आला, की ‘इतकं मागे जा, इतकी अक्षरं घे’ एवढंच नोंदवतो. वारंवार येणाऱ्या चिन्हांना हफमनच्या १९५२च्या पद्धतीने आखूड संकेत मिळतात. टारने सगळ्या फाइलींचा एकच प्रवाह केल्यामुळे एका फाइलमधली ओळ शेजारच्या फाइलमध्ये आली तरी ती पकडली जाते. सोर्स कोड साधारण ६० ते ७० टक्के आटतो. फ्लॉपीत मावतो.

गोळा करणं आणि दाबणं ही कामं वेगळी ठेवली, यातच या जोडीचं दीर्घायुष्य आहे. १९९६मध्ये बीझिप२ आला, नंतर एक्सझेड, झेडस्टँडर्ड. दाबणारा बदलत गेला, गोळा करण्याची रीत टिकली.

आज तुमच्या लॅपटॉपवर सी-झेड-एफ ही तीन अक्षरं पुरतात. झेड म्हणताच टार स्वतःच जीझिपला जोडून घेतो. फक्त मूळ फोल्डर पुसण्याआधी सीच्या जागी टी लावा आणि आत काय-काय गेलं आहे, ती यादी नीट वाचा.