निनवेच्या भूमीतील आमचे वडील बंधू



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपल्या धर्मग्रामाचा वृत्तान्त या स्मरणिकेत इतरत्र येईलच. आम्ही मात्र वाचकांस इराक देशात नेऊ इच्छितो. तेथील ख्रिस्तसभेशी महाराष्ट्राचे नाते फार जुने आहे, आणि तिच्यावर ओढवलेला प्रसंग आपण विसरणे बरे नव्हे.

सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या प्रवासी व्यापाऱ्याने लिहून ठेवले की, ‘कल्लियाना’ येथे इराणातून दीक्षा घेऊन आलेला बिशप असतो. हे स्थळ म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या पूर्वेकडील ख्रिस्तसभेचे मुख्य पीठ बगदादनजीक तैग्रिस नदीच्या तीरी होते. पुढे १३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू ठाण्यास उतरले, तेव्हा तेथे याच सभेच्या, म्हणजे नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांच्या, पंधरा घरांची वस्ती होती, असे ओदोरिक हा धर्मबंधू सांगतो. पाहुणे ज्या घरी राहिले तेथील यजमानाने पत्नीस मारहाण केली. तिने काजीकडे दाद मागितली. पाहुण्यांस साक्षीस बोलाविले गेले, आणि साक्षीवरून धर्मवाद निघून अखेर चौघांचाही वध झाला. दिल्लीच्या सुलतानाने या कृत्याबद्दल ठाण्याच्या अधिकाऱ्यास देहदंड दिला, हेही ओदोरिकच सांगतो. पंधरा घरांची ती वस्ती आज उरलेली नाही. लहान कळप किती सहज नाहीसा होतो, याचे हे आपल्याच भूमीतील उदाहरण होय.

सेमिनरीत असताना ‘नेस्तोरियन’ हा शब्द आम्ही केवळ एका पाखंडाचे नाव म्हणून पाठ केला, हे आम्हांस कबूल केले पाहिजे. त्यांच्यापैकी एका शाखेने १५५३ साली रोमशी ऐक्य केले. तेच आजचे खाल्दी कॅथलिक. उरलेल्यांशी असलेला ख्रिस्तविषयक वादही पोप दुसरे जॉन पॉल आणि पॅट्रिआर्क मार दिनखा यांनी ११ नोव्हेंबर १९९४ रोजी संयुक्त घोषणेने मिटविला. ज्यांस आम्ही परके समजलो, ते आमचे वडील बंधूच होते. त्यांच्या घरांत आजही अरामी भाषेची बोली चालते. प्रभु येशू बोलत असे त्याच भाषेची ही लेक.

२००३ च्या युद्धापूर्वी इराकात सुमारे पंधरा लाख ख्रिस्ती होते असे मानतात. आज अडीच लाखही उरले नसावेत. राज्य कोसळले, आणि ज्यांच्यापाशी टोळी नाही, शस्त्र नाही, ते प्रथम भरडले गेले. खंडणीसाठी माणसे पळविली जाऊ लागली. ३ जून २००७ रोजी मोसुल येथे मिस्सानंतर फादर रगीद गन्नी व तीन उपसेवक मारले गेले. पुढच्याच वर्षी तेथील आर्चबिशप रह्हो यांचे अपहरण होऊन त्यांचा मृतदेह हाती आला. ३१ ऑक्टोबर २०१० रोजी बगदादच्या एका मंदिरात मिस्सा चालू असता पन्नासांहून अधिक जीव गेले, त्यांत दोन तरुण धर्मगुरू होते.

मोसुल म्हणजे योना संदेष्ट्याच्या निनवेचे शेजारनगर. जून २०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ म्हणविणाऱ्या टोळ्यांनी ते घेतले. ख्रिस्ती घरांवर ‘नून’ हे अरबी अक्षर रंगविले गेले. ‘नसारा’, म्हणजे नासरेथकराचे लोक, याचे ते आद्याक्षर. धर्मांतर करा, जिझिया द्या, निघून जा, अन्यथा तलवार, असा हुकूम निघाला. बहुतेकांनी घरदार सोडले, पण ख्रिस्त सोडला नाही. वाटेतील नाक्यांवर बोटांतल्या अंगठ्याही काढून घेतल्या गेल्या. ऑगस्टात काराकोश पडले, आणि निनवेच्या मैदानातून लाखाहून अधिक ख्रिस्ती कुर्दिस्तानाकडे निघाले.

तथापि हा सर्व दोष इस्लामच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्याच टोळ्यांनी मुसलमानांस वंदनीय असलेली योनाची मशीदही सुरुंगाने उडविली. यझिदींवर तर त्याहून भीषण आपत्ती आणली. ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या छळाचा निषेध केल्यामुळे मोसुल विद्यापीठातील एका मुसलमान प्राध्यापकांस प्राण गमवावे लागले, असे वृत्त आहे. शेजाऱ्यासाठी प्राण देणे याहून मोठी प्रीती कोणती?

२०१६ साली काराकोश मुक्त झाले. तेथील मंदिर जळून काळे पडले होते. त्याच्या अंगणात नेमबाजीचा सराव चालला होता. त्याच मंदिरात ७ मार्च २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी परतलेल्या कुटुंबांसमवेत प्रार्थना केली. मोसुलात युनेस्कोच्या पुढाकाराने अल्-नूरी मशीद व दोन ख्रिस्ती मंदिरे पुन्हा उभी राहिली. मात्र भिंती उभ्या राहिल्या तरी सारी माणसे परतलेली नाहीत.

धर्मबांधवहो, आपणही संख्येने थोडे आहोत. थोड्यांचे रक्षण केवळ मंदिराच्या भिंतींनी होत नाही. राज्याचा न्याय, शेजाऱ्याचा स्नेह आणि आपली स्वतःची निष्ठा या तिहींनी होते. पहिले दोन आपल्या एकट्यांच्या हाती नाहीत, तरी शेजारधर्म पाळून त्यांस हातभार लावता येतो. तिसरी मात्र सर्वस्वी आपल्याच हाती आहे. महोत्सवाच्या मिस्सामध्ये निनवेच्या बंधुभगिनींसाठी एक प्रार्थना अवश्य करावी, इतकेच आमचे मागणे. परमेश्वर त्यांस घरी परतण्याचे धैर्य आणि आपणांस ऐक्याचे वरदान देवो. आमेन.