जेसीबीला गुदगुल्या, अर्थात डबस्टेपचा ठोका साचेबंद कसा झाला

या वीकेंडचा विषय जरा कर्णकर्कश आहे. कानात कापूस घालून वाचलंत तरी चालेल.

मध्यंतरी मोरगावला मामाकडे एका लग्नाला गेलो होतो. मोरगाव म्हणजे अष्टविनायकांतला पहिला गणपती, मयूरेश्वर. पुण्याहून सासवड-जेजुरी करत बारामतीकडे जाताना लागतं. वरातीपुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर डॉल्बीची भिंत होती. (शहरी वाचकांसाठी खुलासा: आमच्याकडे स्पीकरच्या कुठल्याही मोठ्या ढिगाला डॉल्बी म्हणतात. डॉल्बी नावाच्या कंपनीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसतो.) हलगी सुरू झाली, पोरं उधळली. मग हलगी बंद, एक सायरन चढत चढत गेला, क्षणभर शांतता... आणि भिंतीतून असा आवाज आला की जणू कुणी जेसीबीला गुदगुल्या करतंय. ग्र्र्र-वॉव-वॉव-ग्र्र्र! समोरच्या शेडचा पत्रा थरथरायला लागला. मामा म्हणाले, "आरं, मशिन बिघडलं का काय?"

बिघडलं नव्हतं. ते डबस्टेप होतं. लंडनच्या एका उपनगरात जन्मून लॉस एंजेलिसला आडदांड झालेला हा प्रकार एव्हाना कऱ्हेच्या काठी पोचलाय. होस्टेलवर असताना हे संगीत मी पोटभर ऐकलं होतं, त्यामुळे एक गोष्ट लगेच लक्षात आली. वरचा आवाज नवा होता, पण खालचा ठोका तोच. धड... थाड... धड... थाड. गुरगुराट रोज नवा निघतो आणि ठोका मात्र पंधरा वर्षं जागचा हलत नाही, हे कसं काय?

त्यासाठी जरा मागे जाऊ.

१९९० च्या दशकाच्या शेवटी लंडनमध्ये 'गराज' नावाचं नाचाचं संगीत जोरात होतं. त्यातला एक उपप्रकार 'टू-स्टेप'. त्याचा ठोका लंगडत, ठुमकत चालायचा. समजा एका आवर्तनाचे सोळा समान तुकडे केले, तर पाचव्या आणि तेराव्या तुकड्यावर स्नेअर, म्हणजे टाळीसारखा कडक आवाज, आणि किक म्हणजे जाड धप्प पहिल्यावर आणि मग मध्येच कुठेतरी अनपेक्षित जागी. डोकं एकीकडे, कंबर दुसरीकडे. मजा असायची त्यात.

दक्षिण लंडनच्या क्रॉयडनमध्ये 'बिग ॲपल' नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. तिथे पडीक असणाऱ्या पोरांनी २००० नंतर या गराजमधलं गाणं, चकचकीतपणा, सगळं काढून टाकलं. उरला ठोका आणि खर्जातला बेस. स्क्रीम आणि बेंगा ही त्यातली दोन नावं, दोघंही तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेली. त्यांचं हत्यार होतं 'फ्रूटीलूप्स' हे सॉफ्टवेअर. हो, तेच, जे आपल्याकडे प्रत्येक गल्लीतल्या डीजेच्या पीसीवर 'कुठूनतरी' आलेलं असतं. ते उघडलं की समोर काय दिसतं? एका ओळीत सोळा चौकोनी बटणं. किकची ओळ, स्नेअरची ओळ, टाळीची ओळ. बटण दाबा, ठोका तयार. ही सोळा घरं लक्षात ठेवा.

आता या कथेतलं कळीचं वळण. २००४ च्या आसपास लोफाह आणि डिजिटल मिस्टिक्झ ही मंडळी ठोका आणखी सोलत गेली. टू-स्टेपमधले दोन स्नेअर गेले, एकच उरला, नवव्या घरात. किक पहिल्या घरात. बाकी घरं जवळजवळ रिकामी. याला 'हाफ-स्टेप' म्हणतात. वेग मिनिटाला १४० ठोके, म्हणजे एक आवर्तन साधारण १.७ सेकंदांचं, पण त्यात स्नेअर एकदाच पडतो, त्यामुळे अंगाला ७० चाच वेग जाणवतो. घड्याळ पळतंय आणि तुम्ही निवांत डुलताय, असा काहीसा अनुभव.

ही रिकामी जागा मुद्दाम ठेवलेली होती. किक आणि खोल बेस दोघांनाही साधारण एकाच पट्ट्यात राहायचं असतं, ४० ते १०० हर्ट्झच्या आसपास. एका खोलीत दोन पैलवान. बेसला पाय पसरू द्यायचे तर किकने कमी बोललं पाहिजे. 'प्लास्टिक पीपल'सारख्या छोट्या, अंधाऱ्या क्लबमध्ये किंवा २००५ पासून ब्रिक्स्टनला भरणाऱ्या 'डीएमझेड'च्या रात्रींत तो बेस कानांपेक्षा बरगड्यांना ऐकू यायचा. ठोका विरळ होता तो शांततेसाठी. माझ्या मते डबस्टेपचा सगळ्यात सुंदर काळ हाच. (होय, हे होस्टेलवरच्या मित्रांना आजही मान्य नाही. असो.)

मग ही शांतता गेली कुठे?

जानेवारी २००६ मध्ये बीबीसी रेडिओ वनवर मेरी ॲन हॉब्जने 'डबस्टेप वॉर्झ' हा कार्यक्रम केला आणि क्रॉयडनचं गुपित जगभर फुटलं. आता ऐकणारे वाढले, पण ते लॅपटॉपवर आणि मोबाईलवर ऐकत होते. लॅपटॉपच्या टिचभर स्पीकरमधून ४५ हर्ट्झ काय ऐकू येणार, कप्पाळ! तिथे ऐकू येतो तो त्याच्या वरचा पट्टा. २००७ मध्ये कोकी, रस्को, कॅस्पा यांच्या ट्रॅक्समध्ये बेस त्या वरच्या पट्ट्यात चढला आणि डुलायचा सोडून डुरकायला लागला. युक्ती जुनीच होती: आवाजावर एक फिल्टर लावायचा आणि तो तालात उघड-मीट करत राहायचा. तोंडाने 'आऽऽ' म्हणत ओठांवर हात मारून बघा, तेच तत्त्व. त्याच सुमारास आलेल्या 'मॅसिव्ह' या सॉफ्टवेअर सिंथेसायझरने असले डुरकावे पाच मिनिटांत बनवता येऊ लागले.

म्हणजे बघा, शांततेसाठी जी जागा रिकामी ठेवली होती तिथे हा नवा भाडेकरू घुसला, आणि त्याने येताना सगळा कुटुंबकबिला आणला. ठोक्याला परत पसरायला जागाच राहिली नाही. आधी विरळ ठोका ही आवड होती, आता ती सक्ती झाली. दोन गुरगुराटांच्या मध्ये ऐकू यायचं तर स्नेअर एकदाच, पण हातोड्यासारखा पडायला हवा. त्यात प्रत्येकाला आपला ट्रॅक शेजारच्यापेक्षा मोठा वाजायला हवा. आवाजाची कमाल पातळी तर ठरलेली. मग किक पडली की क्षणभर बेस आपोआप दाबायचा आणि लगेच सोडायचा, ही हिशेबातली तडजोड सगळे करू लागले. एकदा हिशेब असा बसला की घरं बदलणं महाग पडतं. कोड चालतोय ना, मग हात लावू नका, हा आपल्या धंद्यातला सुविचार इथेही लागू!

दुसरी भानगड डीजेची. दोन ट्रॅक्सचे 'ड्रॉप', म्हणजे शांततेनंतर कोसळण्याचा क्षण, एकमेकांवर नेमके आदळवले की पब्लिक वेडं होतं. त्यासाठी दोन्हींचे स्नेअर एकाच घरात हवेत. तुमचा स्नेअर अकराव्या घरात असेल तर तुमचा ट्रॅक कुणी लावणारच नाही. थोडक्यात, नववं घर हे एक स्टँडर्ड झालं, यूएसबीसारखं. ते सगळ्यात चांगलं आहे म्हणून नव्हे, सगळ्यांशी जुळतं म्हणून.

आणि मग अमेरिका. सनी मूर हा पोरगा आधी एका रॉक बँडमध्ये किंचाळायचा. 'स्क्रिलेक्स' या नावाने त्याने २०१० मध्ये 'स्केरी मॉन्स्टर्स अँड नाइस स्प्राइट्स' काढलं आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये तीन ग्रॅमी घरी नेले. तिकडच्या मेटल ऐकणाऱ्या पोरांना हा ठोका अनोळखी नव्हताच. त्यांच्या गाण्यांत 'ब्रेकडाऊन' नावाचा भाग असतो, तिथे अचानक अर्ध्या वेगाचा ठोका येतो आणि सगळे मुंडकी हलवतात. लंडनच्या पोरांनी ज्या ठोक्यावर डोळे मिटले, त्याच ठोक्यावर अमेरिकेच्या पोरांनी केस उडवले. ठोका एक, काम वेगळं.

आता परत आपल्या रस्त्यावर येऊ, कारण इथेही हेच घडलंय.

आपल्याकडे मिरवणुकीत लेझीम होतं, ढोल-ताशा होता, मुंबई-कोकणात बेंजो पार्टी होती आणि आमच्या भागात हलगी, घुमकं, कैताळ. हलगी म्हणजे एका कड्यावर ताणलेलं कातडं आणि दोन काड्या, एक जाड, एक बारीक लवचिक. भादव्याच्या दमट हवेत कातडं सैल पडतं, सूर उतरतो. मग वाजवणारे बाजूला होतात, जाळ करतात, हलगी शेकतात आणि परत येतात. कुस्तीच्या फडात हलगीवाल्याची नजर पैलवानांवर असते. खडाखडी चालू असेल तर हात संथ, पकड बसली की हात चढतो. ही हलगी समोर बघून वाजते, म्हणून तिचे दोन फेरे सारखे येत नाहीत.

लगेच डोळे पाणावू नका. ही हलगी प्रामुख्याने मातंग आणि महार समाजाच्या गळ्यात होती, आणि बऱ्याचदा कला म्हणून नाही तर गावकीचं काम म्हणून. दवंडी पिटायची, कुणाच्याही वरातीपुढे चालायचं. आंबेडकरांच्या चळवळीत अनेकांनी गावकीची कामं सोडली तशी ही वाद्यंही खाली ठेवली, आणि ते योग्यच होतं. तेव्हा 'डॉल्बीने हलगी मारली' हे वाक्य अर्धंच खरं. पण ज्यांनी पुढे तिचा पोटापाण्याचा धंदा केला, त्यांच्या सुपाऱ्या भिंतीने खाल्ल्या, हे पूर्ण खरं.

गंमत म्हणजे भिंतीला हलगी हवीच होती. तिच्याशिवाय इथली पोरं नाचत नाहीत. म्हणून 'हलगी मिक्स' आला. चार-आठ सेकंदांचा हलगीचा तुकडा कापायचा, वेग ठरावीक आकड्याला बांधायचा, सोळा घरांत नीट बसवायचा आणि गोल फिरवत ठेवायचा. माणसाच्या हाताची पुढे-मागे सरक त्यात मुद्दाम पुसली जाते, नाहीतर खालची किक जुळत नाही. मग दोन मंडळांच्या भिंती समोरासमोर आल्या की 'कॉम्पिटिशन'. त्यासाठी वेगळे 'साउंड चेक' ट्रॅक असतात, आणि डबस्टेपचा गुरगुराट मोरगावपर्यंत पोचला तो या दारातून. समोरच्याचे 'बेस-टॉप' झोपवायचे असतील तर जेसीबीच लागतो. क्रॉयडनचा मोह इथेही तोच: जागा मर्यादित, आवाज मोठा हवा, म्हणून ठोका कमीत कमी आणि सगळ्यांचा सारखा.

हे मिश्रण शहरातही झालं, जरा स्टायलीत. न्यूक्लिया, म्हणजे उद्यन सागर. त्याने डबस्टेप-ट्रॅपचा बेस आणि आपल्या मिरवणुकीतले ढोल एकत्र करून २०१५ मध्ये 'बेस रानी' आणि २०१६ मध्ये 'राजा बाजा' काढलं. ज्या पोरांना गणपतीतला डीजे 'डाऊनमार्केट' वाटायचा, तीच पोरं तिकीट काढून तोच ठोका ऐकायला गेली. मला त्याचं काम आवडतं, कारण तो ढोलाला निदान मधूनमधून मोकळं सोडतो.

बाकी कायद्याची बाजू तुम्हाला माहीत आहेच. २००० चे ध्वनिप्रदूषण नियम, २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, पश्चिम महाराष्ट्रात पोलिसांनी चालवलेली 'डॉल्बीमुक्त' मोहीम. त्या सगळ्यात आवाज किती डेसिबल याची चर्चा झाली. आत काय वाजतंय आणि ते कुणाचं, याची नाही.

ते कुणाचं, यावरून एक गोष्ट. डबस्टेपचा मोठा भाऊ म्हणजे जंगल आणि ड्रम अँड बेस. तो अख्खा प्रकार बऱ्याच अंशी एका सात सेकंदांच्या ड्रमच्या तुकड्यावर उभा आहे. १९६९ मध्ये 'द विन्स्टन्स' या अमेरिकन बँडच्या रेकॉर्डवर ग्रेगरी कोलमनने तो वाजवला होता. हजारो गाण्यांत तो कापून वापरला गेला. कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत वारला, या तुकड्याचा एक छदामही न मिळता. २०१५ मध्ये ब्रिटिश डीजेंनी वर्गणी काढून बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सरला सुमारे २४ हजार पौंड दिले, तेव्हा कोलमनला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

आपल्या हलगी मिक्समध्ये डीजेचं नाव दर अर्ध्या मिनिटाला घुमतं. हलगी वाजवणाऱ्याचं कुठेच नसतं. माझ्याकडे मित्राने दिलेला असा एक तुकडा आहे, फाईलचं नाव 'हलगी ३'. हेडफोन लावून ऐकला तर शेवटच्या ठोक्यानंतर, अगदी मागे, कुणीतरी खाकरल्याचा आवाज येतो.